पासष्ट वॅट

लॅमिंग्टन रोडला जिन्याच्या वळणावर दुकान.
मुस्तनसीरभाई काचेखालून दोन खोके काढतो
आणि मधे कॅलक्युलेटर ठेवतो,
पंचासारखा.

"लाल की निळा?"
म्हणजे इथेही पक्ष आहेतच.

"काम काय करता?"
ड्रेनेज काढते, मी सांगते.
नकाशे हो, इमारतींचे.
कुठला पाइप कुठून उतरतो, चेंबर कुठे,
उतार किती द्यायचा.
"म्हणजे गेमिंग नाही."
नाही म्हणताना उगाचच
गरीब असल्यासारखं वाटतं.

एक स्वस्तातला आहे, अठराशेने कमी.
नावाच्या शेवटी एफ.
सगळी आकडेमोड करतो, पण पडद्यावर काही दाखवत नाही,
त्यासाठी वेगळं कार्ड घ्यावं लागतं.
आमच्या जुन्या ऑफिसात पाटकर होते, तसा.
अख्ख्या टॉवरचं पाणी डोक्यात मोजायचे,
मीटिंगमधे मात्र दाखवायला दुसरंच कुणी उभं.
नको, म्हटलं. पाटकर नको.

"मग आठ कोअरवाला घ्या, मॅडम.
पाच वर्षं बघायला नको."
पाच वर्षं.
आमच्या सोसायटीच्या जिन्यात बिल्डरचा बोर्ड आहे,
त्यावर तीन लिहिलंय,
आणि बोर्डाला लागलीत अकरा.

तो मदरबोर्ड उघडून दाखवतो.
"सॉकेट हेच राहणार.
उद्या नवीन चिप आली तरी इथेच बसेल."
मी वाकून बघते.
चार बोटांची जागा, बारीक भोकांची जाळी.
जुना गेला, नवा आला, घर तेच;
असा करारनामा
आजवर मला कुणी वाचून दाखवला नव्हता.

आणि वॅट?
तो थांबतो. लोक गिगाहर्ट्‌झ विचारतात.
"आठवाला एकशेपंचवीसपर्यंत जातो. सहावाला पासष्ट."

आमची खोली एकशेऐंशी फुटांची.
टेबल, टेबलाखाली कॅबिनेट,
कॅबिनेटपासून दोन वितींवर विनूदादाची उशी.
रात्रभर विमानतळावर सामान चढवतो,
साडेआठला येतो, चहा अर्धा टाकून झोपतो.
तेव्हा माझं काम सुरू.
मोठी शीट उघडली की जुना पंखा किंचाळायचा,
गरम वारा थेट त्याच्या कानावर.
तो डोळे न उघडता भिंतीकडे वळायचा.
नऊ वर्षांत एकदाच बोलला :
"अगं, स्वप्नातसुद्धा विमान उतरत नाही.
नुसतं घिरट्या घालतं."

सहावाला द्या.
"एकदा विचार करा, फरक फक्त—"
झाला विचार. उरलेल्या पैशात
मोठा कूलर द्या, आवाज न करणारा.
कॅलक्युलेटर मान हलवल्यासारखा
दोनदा वाजतो.

घरी ताटावर वर्तमानपत्र, त्यावर बोर्ड.
कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण
त्रिकोणावर आणायचा.
दाबायचं नाही, ठेवायचं,
आपला आपण बसतो.
मग ती दांडी खाली करताना जो करकरला आवाज येतो
त्याबद्दल मात्र कुणी आधी सांगत नाही.
मी दोन मिनिटं श्वास धरून बसले,
दादा घोरत होता.

पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी.
कूलरचे चार स्क्रू, आलटून पालटून.
बटण.
काळं. काळंच.
मग कोपऱ्यात पांढरी अक्षरं :
तापमान अडतीस.
भिंतीवरच्या थर्मामीटरात तेहतीस.

मी सगळ्यात जड शीट उघडली.
सात विंग, दोनशे बारा संडास,
एका दमात आले समोर.
ते न घेतलेले दोन कोअर आठवलेच,
नाही असं नाही;
आलेली शीट दोनदा मागेपुढे करून पाहिली.
मग कान लावला कॅबिनेटला,
चालू आहे की नाही कळेना.

उशीवरून घोरणं थांबलं.
दादा कुशीवर वळला, टेबलाकडे,
आणि डोळे मिटूनच, काळजीने :
"बंद पडला का गं?"